लढाईचा दगड

आमच्या सातारा भागात जुन्या चावडीच्या भिंतीत, नाहीतर मारुतीच्या देवळात, नाहीतर मराठी शाळेच्या दाराशेजारी कधीकधी एक पांढरा संगमरवरी दगड बसवलेला दिसतो. जेवायच्या पाटाएवढा असेल. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली. मजकूर गावोगाव एकाच साच्यातला: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. एवढंच. वरचा आकडा मोठा, खालचा लहान. नाव एकाचंही नाही. आमच्याकडं याला लढाईचा दगड म्हणतात, आणि लढाई म्हणजे जर्मनची लढाई, हे जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

हे दगड बघत हिंडायचं हे माझ्या डोक्यातलं खूळ. ते जुन्या मिलिटरी जिपेतून हिंडायचं, हे माझ्या आतेभावाच्या डोक्यातलं. त्याचे वडील, म्हणजे आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांनी डिस्पोजलची ही जीप पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. लग्नाची वरात तिनं काढली, अडलेल्या बाया तिनं तालुक्याला पोचवल्या, उसाचं बियाणं वाहिलं, एकदा तर गावातलं मयतसुद्धा तिच्यातनं नदीवर नेलं. मामा गेल्यावर वीस वर्षं ती गोठ्याशेजारच्या सपरात पडून होती आणि तिच्या मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. आतेभाऊ एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झाला आणि त्यानं तिचा नट न नट सोडवून ती पुन्हा उभी केली.

जाणकारांसाठी सांगतो. गाडी मूळ विलीज कंपनीच्या घडणीची, पण आमची फोर्डनं बनवलेली. लढाईची मागणी एवढी होती की तीच जीप दोन्ही कारखाने काढत होते, आणि १९४१ ते १९४५ या काळात दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक 'एफ' कोरलाय, तो आतेभाऊ प्रत्येक गावात पोरांना भिंगातनं दाखवतो. पुढच्या जाळीला नऊ फटी, स्टेअरिंग डावीकडं, बॅटरी सहा व्होल्टची, स्टार्टर पायानं दाबायचा, आणि पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली. समोरची काच पुढं आडवी पाडता येते, म्हणजे डोळ्यात धूळ नीट जाते. जीप दुसऱ्या लढाईतली आणि दगड पहिल्या लढाईचे, हे कोणाला खटकलं तर खटकू द्या. पहिल्या लढाईत आमच्या माणसांच्या वाट्याला खेचरं आली होती, आणि ती आम्हाला कुठनं मिळणार?

बॉनेटवर पांढरा तारा काढायचा, यावरनं आमची पहिली कुरबुर झाली. तो म्हणाला, "दादा, ताऱ्याशिवाय जीप म्हणजे कुंकवाशिवाय सवाष्ण." मी म्हणालो, आपण दुखवट्याला निघालोय का जत्रेला? तो गप्प बसला आणि तारा काढला नाही. पण प्रश्न माझ्याच मानगुटीवर बसला. मेलेल्या माणसांना भेटायला लढाईच्या गाडीत बसून, फटफट वाजवत, गाव गोळा करत जावं का? दुखवट्याला जाणारा माणूस पायताण सुद्धा आवाज न करता काढतो. आणि आम्हाला त्या गाडीत बसायला मजा येत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. चढावर दुसऱ्या गेअरमध्ये ती जी गुरगुरते त्यानं पोटात आनंद होतो. ज्या यंत्रानं माणसं मारायला नेली त्याला पुसूनपासून चकाकवायचं, आणि ज्यांना नेलं त्यांचं नाव विचारलं तर गावात कोणाला सांगता येत नाही, या दोन गोष्टी एका दिवसात, एकाच चौकात बघितल्या की मन थोडं ओशाळतं.

एका गावात तिशीतल्या एका मास्तरांनी मला तोंडावर विचारलं, "काका, इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्यांना आपण कशाला हात जोडायचे? त्यांनी काय आपल्यासाठी जीव दिला?" मास्तर उर्मट नव्हते. पोरांना इतिहास शिकवणाऱ्यानं हे विचारायलाच पाहिजे. या एका प्रश्नावर मी पुढचे पंधरा दिवस जिपेत बसून डोकं फोडून घेतलं.

माझ्यासाठी तो प्रश्न पुस्तकातला नाही. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ त्या लढाईत बसऱ्याला गेले आणि आले नाहीत. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे थोरली आजी म्हणायचो, ती मी सातवीत असेपर्यंत जिवंत होती. लग्न होऊन तीन वर्षं आणि त्यातलं नांदणं सहा महिन्यांचं. प्रेत आलं नाही, राख आली नाही, कपडे आले नाहीत. पेन्शन मात्र सुरू झाली. ती घ्यायला थोरली आजी कपाळभर कुंकू लावून कचेरीत जायची, नवरा मेल्याच्या कागदावर अंगठा उठवायची, आणि तेच कुंकू घेऊन घरी यायची. कोणी कधी तिला टोकलं नाही. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, आजोबा कुठं हायती?" ती म्हणायची, "बसऱ्याला गेल्यात."

गेल्यात. आपला हा शब्दच दुतोंडी आहे. बाजाराला गेलेला गेला आणि मसणात गेलेलाही गेला. दगडावरच्या इंग्रजीत जाणारे वेगळे आणि मरणारे वेगळे, दोघांना दोन शब्द, दोन आकडे. थोरल्या आजीचं काम एकाच शब्दात भागत होतं. ती खोटं बोलत होती का? सरकारला ती सांगत होती मेले, घराला सांगत होती गेले. लहानपणी मला वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट आहे. आता वाटतं, तिनं जेवढं तिला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं, सरकारलाही आणि आम्हालाही. मेल्याचं सरकारनं सांगितलं होतं, ते तिनं सरकारला परत सांगितलं. जाताना मात्र तिनं स्वतः बघितलं होतं.

ज्या शब्दांशी माझं भांडण आहे ते 'प्राण दिले' हे. द्यायला आधी ती वस्तू आपल्या हातात असावी लागते. शिपायाचा पगार त्या वेळी महिना अकरा रुपये. आमच्याकडं सांगतात ते असं की धाकट्या भावाच्या वाट्याला वरकस रान आलं, सावकाराचं देणं डोक्यावर, त्यात आधीच पलटणीत असलेला एक मावसभाऊ सुट्टीवर बूट घालून आला आणि याचं मन उडालं. लढाईच्या शेवटच्या दोन वर्षांत भरतीचा जोर वाढला तशी पाटलाकडंही वरनं विचारणा व्हायची, हेही सांगतात. यात बादशहासाठी प्राण देणं कुठं बसतं? बूट, कर्ज, भाऊबंदकी आणि अकरा रुपये. तरीपण 'प्राण घेतले' असंही मला सरळ म्हणवत नाही, कारण तो स्वतःच्या पायांनी चालत स्टेशनावर गेला होता, आणि लोक म्हणतात, हसत गेला होता.

मास्तरांच्या प्रश्नाचा न्याय करायला त्या काळची मोठी माणसं साक्षीला बोलवावीत, तर तीही एका सुरात बोलत नाहीत. १९१८ च्या उन्हाळ्यात खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. ज्या गावांनी थोड्याच महिन्यांपूर्वी सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांनीच या वेळी बैलगाडी द्यायलाही का-कू केलं. अहिंसेचा एवढा मोठा माणूस तेव्हा माणसं लढाईला पाठवत होता आणि खेड्यातला शेतकरी नको म्हणत होता. मग वरकस रानाच्या माझ्या आजोबांनी काय ओळखायला हवं होतं?

दुसरी साक्ष भीमा कोरेगावची. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं तिथं जो स्तंभ उभारला त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यात शेवटी 'नाक' लागणारी, महार शिपायांची नावं आहेत. कंपनीनं ती कोरली तिच्या विजयासाठी. पण १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले ते कंपनीला मुजरा करायला नव्हे. ज्यांना गावानं वेशीत घेतलं नाही त्यांची नावं दगडावर होती, म्हणून गेले. आजही लोक तिथं नावांसाठी येतात. मालक कोण होता आणि लढाई कोणाची होती, याच्या पलीकडं जाऊन ते नाव त्याच्या माणसांचं झालं. आमच्या दगडावर नाव असतं तर ते आमचं झालं असतं. आकडा कोणाचाच होत नाही.

हे मी मास्तरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "काका, मग वीरगळावर कुठं नाव असतंय?"

मास्तर हुशार. आमच्या बऱ्याच गावांत वेशीपाशी, देवळामागं वीरगळ उभे आहेत. कोणी शेंदूर लावतं, कोणी त्याला म्हसोबा म्हणतं, कोणी त्यावर जनावर घासू नये म्हणून बाभळीची फांदी टाकतं. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा बाजूला गाया कोरलेल्या, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. अक्षरं कोरलेले वीरगळ आहेत, पण थोडे. बाकीच्यांवर ना नाव ना साल. तरी सात-आठशे वर्षांनी बायका तिथं पाणी घालतात. मग नाव नसलं म्हणजे विसरलं, हे माझं म्हणणं टिकतं का?

मला असं वाटतं की वीरगळ नाव सांगत नसला तरी कारण सांगतो. गाया दिसल्या की शेंबड्या पोरालाही कळतं, हा गावची गुरं राखताना पडला. तो कशासाठी मेला हे गावाच्या डोळ्यांपुढं घडलं होतं आणि ज्यांच्या गाया वाचल्या त्यांनीच दगड उभा केला. लढाईचा दगड कारण सांगत नाही आणि नावही सांगत नाही. कुठल्या पलटणीत, कुठल्या मुलखात, गोळीनं की तापानं, काही नाही. तो गावासाठी बोलतच नाही मुळी. तो वरून खाली, सरकारी पावती दिल्यासारखा बोलतो: इतके मिळाले, इतके खर्ची पडले.

आणि त्या मुलखात काय झालं होतं? आमच्या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठच्या कूत गावात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. अन्न संपलं तेव्हा सेनापतीनं घोडे मारायला घेतले. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस खायला नकार दिला. भारतातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी कित्येक दिवस लोक तयार होईनात. घरी गेल्यावर आपल्याला कोण पंगतीत घेणार, पोरीचं लग्न कुठं होणार, ही भीती. मला ही हकीकत वाचल्यापासून झोपेत आठवते. तोफांसमोर, उपासानं पाय सुजलेले, आणि माणूस गावातल्या पंगतीचा विचार करतोय. तो बादशहाचा शिपाई होता हे खरं, पण त्या घटकेला तो सबंध गावचाच होता. शरण गेलेले सुमारे तेरा हजार. त्यातले हजारो पुढं बंदिवासात मेले.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,००० हून जास्त जणांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं तिथं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायाचं मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' करून टाकलं. म्हणजे गावातल्या दगडावर आकडा, आणि तिकडं वाळवंटातही आकडाच. १९९७ मध्ये सद्दाम हुसेननं ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या वाटेवर नेऊन मांडलं. आणि २०२१ मध्ये या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानं स्वतःच चौकशी करून कबूल केलं की ४५,००० ते ५४,००० माणसांची, त्यात बहुतेक हिंदी आणि आफ्रिकी, आठवण इतरांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही, आणि किमान १,१६,००० तर अशी की त्यांचं नावच नाही किंवा स्मारकच नाही. माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

आता आयोगाची नावांची यादी कॉम्प्युटरवर बघता येते. आतेभावाच्या मुलीनं आम्हाला ती काढून दिली. आमच्या आजोबांचं नाव, आमचं आडनाव घातलं, तर एक नव्हे, बरेच निघाले. काहींपुढं बापाचं नाव आणि गाव आहे, काहींपुढं पलटण आणि तारीख फक्त. आमचा पलटणीचा नंबर कोणाला ठाऊक नाही. कागद थोरल्या आजीच्या ट्रंकेत होते आणि ट्रंक वाळवीनं खाल्ली. मुलगी म्हणाली, "यातला आपला कुठला?" आम्ही बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसलो. शेवटी आतेभाऊ म्हणाला, "सगळेच काढून घे." तिनं सगळ्यांची नावं एका कागदावर छापली. तो कागद जिपेच्या डॅशबोर्डाखाली खोचलेला असतो.

अपशिंग्याला गेलो त्या दिवशी मात्र हा विचार वेगळ्याच बाजूला गेला. मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ते गाव ओळखलं जातं. पहिल्या लढाईत त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथं कोणाला स्मारक कुठाय म्हणून विचारावं लागत नाही, घराघरात पलटण आहे. जीप उभी केली तशी पोरं चढली, हातात बंदूक असल्यासारखे हात धरून फोटो झाले. एक निवृत्त सुभेदार काठी टेकत आले. त्यांनी टायरला पाय लावला, बोल्टावरचा 'एफ' बघितला, बसायच्या जागेवरनं हात फिरवला. आतेभाऊ फुलून गेला. सुभेदार म्हणाले, "चांगली ठेवलीय. ही परत आली, नाय का?" आणि काठी टेकत निघून गेले. त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं की सहज, ते मला आजही ठरवता येत नाही. आतेभाऊ त्या दिवशी घाट उतरेपर्यंत बोलला नाही.

मी त्याला म्हटलं, गाडी घरी ठेवू आणि उरलेली गावं एस.टी.नं करू. त्यानं मान हलवली. म्हणाला, "दादा, एस.टी.नं गेलो की आपल्याला कोण विचारतंय? जिपेनं गेलो की म्हातारी माणसं बाहेर येत्यात. आली की बोलत्यात." हे खरं होतं. एका गावात जिपेचा आवाज ऐकून एक म्हातारी दारात आली होती आणि तिनं दगडावरच्या आकड्यातल्या दोघांची नावं, त्यांच्या बायकांची माहेरं, आणि एकाच्या बैलाचं नावसुद्धा सांगितलं होतं. ते ग्रामपंचायतीत कोणाला ठाऊक नव्हतं. तिला ते तिच्या सासूनं सांगितलं होतं. त्या गावच्या दगडावर पंचायतीनं रंग देताना ऑईलपेंट फासलाय आणि शेजारी 'अमर शहीद' असा नवा फलक लावलाय. फलकावरही नावं नाहीत. मला तो फलक जुन्या दगडापेक्षा जास्त टोचला. इंग्रजांनी निदान मोजले तरी होते.

मास्तरांना मी अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. लढाई कोणाची होती याचं खातं वेगळं आणि माणसाचं देणं वेगळं, इथवर मी आलोय. पहिल्या खात्यात इंग्रजांच्या नावावर काय मांडायचं ते मास्तरांनी खुशाल मांडावं, मी सही करतो. दुसऱ्या खात्याला मात्र मास्तरांनी हात लावू नये, कारण ते गावाचं आहे. आणि तिथं शहीद, हुतात्मा, वीर असे दागिने घालण्यापेक्षा नाव, बाप, गाव आणि बैल एवढं लिहिलं तरी पुष्कळ फिटेल. मास्तर म्हणतात, हे भावनेचं बोलणं झालं. असेल.

परवा डोंगराकडच्या एका वाडीत गेलो. दगड मारुतीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीत आहे आणि त्याच्या पायाशी एक झिजलेला वीरगळ टेकवून ठेवलाय. एक बाई तांब्या घेऊन आली. तिनं मारुतीला पाणी घातलं, वीरगळावर घातलं, मग उरलेलं पाणी त्या इंग्रजी दगडावर शिंपडून पदरानं पुसून काढलं, आणि दोन्हींना हळदकुंकू लावलं. आकड्याच्या बरोबर मधोमध.

मी विचारलं, "मावशी, हे कोण?"

"आमचं हितलंच की," ती म्हणाली. "लढाईवर गेल्यालं."

"नावं ठाऊक हायती?"

"न्हाई बा. आत्याबाई लावायच्या, मी लावती." मग तिनं जिपेकडं बघितलं. "तुमी वरच्या आळीकडनं जाणार का? वैरणीचा भारा हाय माजा, तेवढा टाका की."

आतेभावानं मागचं बाक मोकळं केलं. भारा मोठा होता, दोघांनी उचलावा लागला.